ताईच्या पद्मिनीचा डॅशबोर्ड

या पानावर येणारे अनुभव मी नेमाने वाचतो. का, तर हसायला... खोटं कशाला बोलू. दुपारचं जेवण झालं की मोबाईलवर एखादा किस्सा काढायचा, रफीकभाईला मोठ्याने वाचून दाखवायचा — कुणाला घाटात बाई दिसली, कुणाच्या माळ्यावर पैंजण वाजले — आणि दोघांनी पोट धरून हसायचं, हा आमचा कार्यक्रम. आमचं मूळ गाव कुडाळकडचं. तिकडे प्रत्येक वडाला एक आणि प्रत्येक विहिरीला दोन, अशी भुतं वाटून दिलेली आहेत. लहानपणी मे महिन्यात गावी गेलो की काका मंडळी रंगवून सांगायची, बाकीची पोरं एकमेकांना चिकटून बसायची आणि मी विचारायचो, "तुम्ही स्वतः बघितलंत का?" कुणीच बघितलेलं नसायचं. ज्याने बघितलं तो नेहमी आधीच वारलेला.

तर मी हे स्वतः बघितलंय, आणि अजून वारलेलो नाही. यात पैंजण नाहीत, पांढरी साडी नाही, रात्रसुद्धा नाही. झालं ते भर दुपारी, मुलुंड पश्चिमेला, माझ्या गाळ्यात, पंखा चालू असताना.

माझं नाव विलास समजा. वय बावन्न. गाड्यांच्या आतलं काम करतो — सीट, छत, दारांचे पॅनेल, डॅशबोर्ड. वडील गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा मी शाळेत होतो, पुढे एका सीट कव्हरवाल्याकडे लागलो तो याच धंद्यात राहिलो. नवीन गाड्यांना आमची फारशी गरज लागत नाही. पण जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे लोक आहेत, त्यांच्यात माझं नाव बरं आहे. म्हणजे होतं. रफीकभाई माझ्यासोबत अठरा वर्षं आहे. मशीनवर तो बसतो, ओढून चिकटवायचं काम माझं.

मार्चमध्ये माझ्या भाचीचा फोन आला. केतकी. माझ्या ताईची एकुलती एक मुलगी.

"मामा, लग्न ठरलं माझं. आणि मला आईच्या गाडीतूनच सासरी जायचंय."

ताईची गाडी म्हणजे पांढरी पद्मिनी. भाऊजींनी ती जुनीच घेतली होती, पण ताईने तिला नव्यासारखी ठेवली. रविवारी बोरीवलीच्या त्यांच्या बिल्डिंगखाली बादली घेऊन ताई स्वतः ती धुवायची. चालवायला कधी शिकली नाही, सगळा जन्म डाव्या सीटवर. आणि त्याच सीटवर ती गेली. चौदा वर्षं झाली. वय चव्वेचाळीस.

ती कशी गेली, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. भाऊजींच्या थोरल्या भावाची साठीशांत होती ठाण्याला. केतकीची परीक्षा म्हणून ती घरी थांबली, हे दोघेच निघाले. घोडबंदर रोडने जाताना बोलता बोलता ताईचा डोळा लागला. भाऊजींनी कापूरबावडीच्या सिग्नलला हाक मारली, तर ती नव्हती. झोपेतच हार्ट अटॅक. कळलंसुद्धा नाही तिला.

हे शेवटचं वाक्य आमच्या आईने धरून ठेवलं. ती माझ्याकडेच असते, आता ऐंशीची आहे. कुणीही भेटायला आलं की, "झोपेतच गेला गो माझा चेडू. देवान काय तरास देवक नाय तेका." चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी. मीही हेच सांगत आलो. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला मीच सांगितलं. भाऊजींनी दुसरं लग्न केलं नाही, पोरीला एकट्याने वाढवलं, तर माझ्या मनात त्यांची जागा देवाच्या शेजारी होती. त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी अंगावर गेलोय लोकांच्या.

गाडी इतकी वर्षं कव्हर घालून बिल्डिंगखाली उभी होती. इंजिन एका मेकॅनिकने उठवलं, रंग दुसऱ्याने दिला, आणि एप्रिलच्या शेवटी ती माझ्याकडे आली. लग्न वीस मेचं.

सीट लवकर झाल्या. राहिला डॅशबोर्ड. त्याचा वरचा भाग — काचेखाली जी गादीसारखी लांब पट्टी असते, तिला आम्ही पॅड म्हणतो — उन्हाने पार फाटला होता. मी पॅड सोडवून टेबलावर घेतला. जुनं रेक्झिन ओढलं तर खालचा फोम हाताला भुगा होऊन आला. सगळं खरवडून काढलं. खाली फक्त पत्रा राहिला, तो घासला, गंज काढला, प्रायमर मारला. हे एवढं सविस्तर सांगतोय कारण नंतर जो तो मला विचारतो की जुनं काही खाली राहिलं होतं का. नव्हतं. पत्रा आरशासारखा होता.

केतकीने सांगितलं होतं, "मामा, आईच्या वेळी होता तसाच काळा कर हं." म्हणून मी काळं रेक्झिन आणलं, बारीक दाण्याचं. नवीन फोम कापून बसवला, त्यावर चिकटवायचं सोल्यूशन, मग हीट गनने रेक्झिन गरम करत ओढत ओढत आणलं. एक सुरकुती नाही. रफीकभाई मान तिरकी करून बघत म्हणाला, "विलासभाई, शादी में दूल्हे को कोई नहीं देखेगा, सब ये देखेंगे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं तर डाव्या बाजूला रेक्झिन दबलेलं.

आधी वाटलं सोल्यूशन नीट लागलं नसेल. जवळ जाऊन बघितलं तर दोन खळगे होते, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. प्रत्येक खळग्याच्या पुढे पाच लहान खड्डे. म्हणजे तळवे आणि बोटं. कुणीतरी पॅडवर दोन्ही हात ठेवून जोर दिला असावा, तसं.

"रफीकभाई, काल हात टेकलास काय यावर?"

"मैं?" तो चिडलाच. "अठरा साल में कभी गीले काम पे हाथ रखा है?"

चावी फक्त माझ्याकडे असते. मग मीच निघताना चुकून टेकलो असेन, असं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते सांगतो. ज्याच्याकडून फोम आणला त्याला विचारलं, तो म्हणाला, "सोल्यूशन जास्त झालं तर फोम बसतो भाऊ, गरमीत होतं असं." बसतो, मान्य. दहा बोटं काढून बसतो काय? पण मी वाद घातला नाही. सगळं काढलं, पत्र्यापर्यंत गेलो, आणि या खेपेला कडक फोम घेतला — बोट दाबून सोडलं की लगेच वर येतो तो. सोल्यूशन मोजून मारलं. दुसऱ्यांदा मढवलं.

रात्रभर सुकलं. सकाळी बघितलं, एकदम झकास. अकराला बघितलं, ठीक. मी निर्धास्त झालो.

दीडच्या सुमारास आम्ही जेवायला बसलो. पॅड टेबलावर होता, आमच्यापासून चार फुटांवर, डावी बाजू आमच्याकडे. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड काळ्या रेक्झिनवर पडून सरळ पांढरी रेघ दिसत होती. मी काहीतरी बोलत होतो — सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं, असंच काहीतरी — आणि बोलता बोलता माझं लक्ष गेलं की ती रेघ वाकतेय.

आधी एका जागी वाकली. मग तिच्या बाजूला. हळूहळू... अंगावरचा भार कुणी हातावर घेतो ना, आधी तळव्याची टाच, मग तळवा, मग बोटं, तसं. बोटांची टोकं सगळ्यात खोल गेली. पॅडची कड कुणी घट्ट धरावी तशी. रेक्झिन करकरलं, दोनदा. त्यावर कुणीच नव्हतं, टेबलाजवळही कुणी नव्हतं, आणि तो पॅड गाडीतसुद्धा नव्हता हो! टेबलावर पडलेला नुसता पत्र्याचा तुकडा.

रफीकभाईच्या हातात पोळीचा घास होता. तो त्याने डब्यात परत ठेवला, उठला आणि पंखा बंद केला. का, ते त्याला आजही सांगता येत नाही.

मग मी उठलो. भीती वाटत होती का? वाटत होती. पण धंद्यातला माणूस आहे, हात गेलाच. मी माझा उजवा हात त्या उजव्या ठशावर ठेवला. ठसा माझ्या हाताहून लहान होता. चार बोटं सरळ. करंगळी शेवटच्या पेराला बाहेरच्या बाजूला वाकडी.

मी हात उचलला आणि खाली बसलो, फरशीवरच.

घाटकोपरला चाळीत राहायचो तेव्हाची गोष्ट. मी सात वर्षांचा, ताई तेराची. कशावरून तरी भांडलो आणि मी रागाने दार आपटलं. तिचं बोट फटीत होतं. आई धावत आली तर ताई रडत रडत म्हणाली, "वाऱ्याने आपटलं." करंगळी वाकडी बसली ती कायमची. दर भाऊबीजेला ओवाळताना ती करंगळी मुद्दाम माझ्या नाकासमोर नाचवायची... "वारा सुटलाय हं फार."

रफीकभाईला मी तेव्हा एवढंच म्हटलं, "हात ताईचे आहेत."

तो ताईला ओळखायचा. हसला नाही. म्हणाला, "बहन क्या बोल रही है, वो पूछो."

त्या दिवसापासून मी झोपलो नाही धड. भुताची भीती नव्हती. ती तर माझी ताई. मला छळत होती एक साधी गोष्ट, जी चौदा वर्षांत मला सुचलीच नव्हती. डाव्या सीटवर झोप लागलेल्या माणसाचे हात मांडीवर असतात. नाहीतर बाजूला पडलेले असतात. डॅशबोर्डवर टेकत नाहीत. बोटं रुतवून तर नाहीच नाही.

तरी मी पळवाट शोधली. मोबाईलवर फोटो काढला आणि केतकीला पाठवला, नुसता, काही न लिहिता. म्हटलं बघू तिला काय दिसतं. तिचं उत्तर आलं, "मामा, डावीकडे नीट बसलं नाहीये का? वेळ आहे अजून, टेन्शन नको घेऊस." पुढे हसरं तोंड. तिला खड्डे दिसले. फोटोत मलाही खड्डेच दिसत होते.

मग भाऊजींना फोन केला. म्हटलं, डॅशबोर्ड बघून जा एकदा.

ते रविवारी सकाळी अकराला आले. रफीकभाईची सुट्टी होती, आम्ही दोघेच. मी पॅड गाडीत तात्पुरता बसवून ठेवला होता. ठसे तसेच होते. भाऊजी नेहमीसारखे, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. "काय रे विलास, उन्हातून बोलावलंस," म्हणत उजव्या दाराने आत बसले, सवयीप्रमाणे स्टीयरिंगवर हात ठेवला आणि डावीकडे बघितलं.

बघतच राहिले. मी डाव्या दाराशी वाकून उभा होतो.

"भाऊजी," मी म्हटलं, "ताई झोपली होती ना?"

मला वाटलं होतं ते चिडतील. विचारतील की हा काय प्रश्न आहे, हे खड्डे कसले आहेत, तुझं डोकं ठिकाणावर आहे का. तसं विचारलं असतं तर मी माफी मागून पॅड पुन्हा मढवला असता, शपथेवर सांगतो.

ते म्हणाले, "कोणी सांगितलं तुला?"

संपलं तिथेच.

मग त्यांनी सगळं सांगितलं. माझ्याकडे बघत नव्हते, समोर काचेतून माझ्या गाळ्याच्या भिंतीकडे बघत होते. त्या दिवशी निघायच्या आधीच दोघांचं वाजलं होतं. ताईला त्या थोरल्या दिरांकडे जायचंच नव्हतं. आधी कधीतरी त्यांनी चारचौघांत तिचा अपमान केला होता. साडी बदलण्यात उशीर झाला, भाऊजी तापले. गायमुखचा घाट उतरताना ती म्हणाली छातीत दुखतंय.

"मला वाटलं नाटक. तिला यायचं नव्हतं ना. मी म्हटलं, नाटकं पुरे आता."

"मग?"

"घाम आला होता तिला. दोन्ही हात असे टेकले पुढे." त्यांनी हात उचलून दाखवले आणि पॅडला लागायच्या आधीच मागे घेतले. "म्हणाली, गाडी फिरवा. मागे हॉस्पिटल गेलं, फिरवा. तीनदा म्हणाली."

"आणि तुम्ही?"

"पलीकडच्या बाजूला होतं ते. पुढे जाऊन यू टर्न घ्यावा लागला असता... पूजा सुरू झाली असती रे तिकडे. दादा बोलला असता."

मी विचारलं, किती वेळ? म्हणाले, वीस मिनिटं. वीस मिनिटं ती तशी बसली होती, हात टेकून, त्यांच्या शेजारी. मग बोलायची थांबली. त्यांना वाटलं रुसली. कापूरबावडीला सिग्नल लागला तेव्हा त्यांनी वळून बघितलं.

"डॉक्टरने विचारलं कधीपासून दुखत होतं. मी म्हटलं, झोपली होती, मला माहीत नाही." इथे पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "विलास, तुझ्या आईला बरं वाटलं ना रे त्याने? केतकीला बरं वाटलं ना? खरं सांगून काय मिळालं असतं कुणाला?"

मला त्यांना मारावंसं वाटलं. बावन्न वर्षांचा माणूस, कधी कुणावर हात उचलला नाही, पण त्या क्षणी... आणि मी काय केलं? काही नाही. दाराची कड धरून उभा राहिलो. तेराव्याला आलेल्या एकेकाचा चेहरा आठवत होता. सगळ्यांना मीच सांगितलं होतं. 'कळलंसुद्धा नाही तिला.'

भाऊजी गाडीतून उतरले. माझ्या टेबलावरचा कटर उचलला, डाव्या बाजूने आत वाकले आणि त्या ठशांवरून आडवा ओढला. एकदा, मग दुसऱ्यांदा. मनगटं तुटावीत तसं रेक्झिन फाटलं. कटर त्यांनी नीट, पातं आत घेऊन, होता त्या जागी परत ठेवला.

"केतकीला सांगणार आहेस?"

"लग्न आहे तिचं," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले आणि रिक्षा पकडून गेले.

ते गेल्यावर मी फाटलेलं रेक्झिन दोन्ही बाजूंना उचलून बघितलं. खालचा फोम सपाट होता. सपाट म्हणजे स्टीलची पट्टी आडवी लावून बघितली, खालून उजेड दिसेना. वर रेक्झिनला अर्धं बोट बुडेल एवढा खळगा, आणि खाली फोमला साधी चुणी नाही. सोमवारी रफीकभाईने स्वतः पट्टी लावली. मग पट्टी पुसून ठेवली.

त्याच सोमवारी दुपारी गाडी उचलायला ट्रक आला. भाऊजींनी अंधेरीच्या कुणा कारागिराकडे काम दिलं होतं. संध्याकाळी केतकीचा फोन.

"मामा, पप्पांनी सांगितलं सगळं."

"काय सांगितलं?"

"की तुला आता नाही जमत. हात थरथरतात तुझे, कटरने चिरलं गेलं म्हणे. अरे इट्स ओके मामा! वय झालं की होतं. तू मनाला लावून नको घेऊस, सीट किती मस्त केल्यास."

बावीस वर्षं लोकांनी माझ्या हातावर विश्वास ठेवून गाड्या सोडल्यात माझ्याकडे. मी फोन कानाला लावून दुसऱ्या हाताकडे बघत होतो. दगडासारखा स्थिर होता. आणि मी म्हटलं, "हो गं. हल्ली जरा होतंय तसं." लग्नाला नऊ दिवस राहिले होते. दुसरं काय म्हणणार होतो?

ही गोष्ट मग पसरली. नातेवाईकांत पसरली, धंद्यातही पसरली. एक जुना पारशी गृहस्थ माझ्याकडेच गाडी द्यायचा, त्याने फोन करून प्रेमाने विचारलं, "डॉक्टरला दाखवलं का?"

लग्न बोरीवलीला झालं. हॉलच्या दारात पद्मिनी उभी, झेंडूच्या माळा लावलेली. मी आत डोकावलो. डॅशबोर्ड तपकिरी लेदरचा केला होता. डाव्या कोपऱ्यात शिवण तिरकी गेली होती, हे धंद्याच्या नजरेला पहिलं दिसलं. पण ठसा? काही नाही. मी खिडकीतून हात घालून फिरवला. गुळगुळीत. मे महिन्याच्या उन्हात नुसतं गरम लेदर. ताईला त्या अंधेरीच्या कारागिराला काही सांगायचं नव्हतं. तो तिचा कोण लागत होता?

पाठवणीच्या वेळी आईला खुर्चीतून दारापर्यंत आणली. तिने केतकीला कुरवाळलं, मग भाऊजींना जवळ बोलावलं, त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "तुमी होतास म्हणान माझ्या चेडवाक सुखाचा मराण इला. पोरगीपण तुमीच मार्गाक लावलास." भाऊजी वाकून तिच्या पाया पडले. सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. मी आईच्या खुर्चीचं हँडल धरून तिथेच उभा होतो.

केतकी हट्टाने पुढे बसली, आईच्या जागेवर. नवरा मागे. चालवायला ड्रायव्हर आणला होता. भाऊजी त्या गाडीत बसले नाहीत, म्हणाले, मी पाहुण्यांबरोबर येतो मागून. गाडी सुरू झाली तेव्हा मी केतकीच्या हातांकडे बघत होतो. मेंदीचे हात मांडीवर होते.

ऑगस्टमध्ये ती आजीला भेटायला घरी आली. चहा झाल्यावर मी खाली सोडायला गेलो तेव्हा गेटपाशी थांबली.

"मामा, एक विचारू? आई... म्हणजे झोपेतच गेली ना? सासूबाई विचारत होत्या. मी सांगितलं खरं, पण सांगताना वाटलं, मला तरी कुठे माहीत आहे? मी घरी पेपरचा अभ्यास करत होते."

लग्न होऊन गेलं होतं. आता कुठलीच सबब नव्हती. समोर ताईचेच डोळे, ताईसारखीच ओढणी सारखी करायची सवय.

"हो," मी म्हटलं. "झोपेतच."

"बरं वाटलं," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

फोम, सोल्यूशन, उष्णता... मी सगळं तपासलंय. तसाच फोम, तेच रेक्झिन, तसाच दुसरा पत्रा घेऊन मी नंतर पुन्हा एक पॅड मढवून बघितला, पंधरा दिवस टेबलावर ठेवला. काही झालं नाही. जे दोघांनी जागेपणी, जेवताजेवता बघितलं त्याला कारण मला सापडलेलं नाही, आणि या पानावर कुणी शहाणा कळवणार असेल की उन्हाने होतं, तर त्याने तसदी घेऊ नये. आणखी एक कळत नाही. चौदा वर्षं थांबून तिने मलाच का सांगितलं? आईला नाही, लेकीला नाही, जो सगळ्यात भित्रा त्यालाच. तिने सांगितलं आणि मी ऐकून गप्प बसलो, म्हणजे भाऊजींनी केलं तेच मीही केलं.

संपादकांनी सगळी नावं बदलून घेतली. मग म्हणाले, गाडीही दुसरी करू या, रस्ताही बदलू, ती बोटाची गोष्ट गाळू, म्हणजे घरचं कुणी ओळखणार नाही. मी नको म्हटलं. आहे तसं राहू दे.

केतकी हे पान वाचते. मला ते तिनेच दाखवलं होतं.